नागसेनवनातली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

महाविद्यालयाचा रौप्यमहोत्सव असो की सुवर्णमहोत्सव, एक स्मरणिका निघतेच. गुळगुळीत कागद, सुरुवातीला मंत्र्यांचे शुभेच्छासंदेश, मग संस्थाचालकांची छायाचित्रं आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी. इतके सनदी अधिकारी, इतके न्यायाधीश, इतके कुलगुरू, इतके आमदार. इतिहासाचा शिक्षक म्हणून अशा स्मरणिका जमवण्याची मला सवय लागली. माझ्या कपाटाचा एक आख्खा कप्पा त्यांनी भरलेला आहे आणि घरातल्या मंडळींचा त्या कप्प्यावर डोळा आहे! या याद्या खोट्या नसतात. पण काही महाविद्यालयं अशी असतात की त्यांनी काय केलं, ते अशा यादीत मावत नाही. आमच्या गावातलं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादमधलं आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरमधलं मिलिंद महाविद्यालय हे त्यांपैकी एक. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आधी काळ लक्षात घ्यायला हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो आला १९५६ साली. विद्यापीठ एकच, उस्मानिया, तेही दूर हैदराबादला आणि निजामाच्या काळात तिथलं शिक्षण मुख्यतः उर्दूतून. औरंगाबादहून हैदराबादला जायचं तर मीटरगेजची गाडी, रात्रभराचा प्रवास, तिथे राहण्याजेवण्याचा खर्च. ज्याच्या घरी शेतीवाडी आहे त्यालाही हे जड जायचं. मग गावकुसाबाहेरच्या मुलाचं काय? त्याला मॅट्रिक होणं हीच मोठी मजल होती. पुढचा रस्ता तिथेच थांबायचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. त्यानंतर दुसरं महाविद्यालय त्यांनी पुण्याला काढलं नाही की नागपूरला काढलं नाही. ते काढलं औरंगाबादला, जून १९५० मध्ये. हा निर्णय साधा नव्हता. शिक्षणाची सोय जिथे थोडीफार आहे तिथे आणखी एक भर घालायची, की जिथे जवळजवळ काहीच नाही तिथून सुरुवात करायची, असा तो प्रश्न होता. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाचा पाया असा एकाच वर्षी दोन ठिकाणी घातला गेला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

छावणीला लागून असलेली मोठी जमीन महाविद्यालयासाठी मिळाली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे दिल्लीत एक दार बंद होत होतं तेव्हा इकडे माळरानावर चुन्या-दगडाचं काम सुरू होतं. आज त्या परिसरात गर्द झाडी आहे. तेव्हा तो उघडा माळ होता आणि मागे दूरवर डोंगरात बौद्ध लेणी दिसत होती.

नावांची निवडसुद्धा पाहा. परिसराचं नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचं मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला. नागसेन हा बौद्ध भिक्खू. या दोघांच्या प्रश्नोत्तरांचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. राजा वादविवादात कोणाला हार जायचा नाही. तो नागसेनाला म्हणतो, माझ्याशी चर्चा कराल का? नागसेन त्यावर एक अट घालतो. पंडित जशी चर्चा करतात तशी करणार असाल तर करीन, राजे करतात तशी करणार असाल तर नाही. दोहोंत फरक काय? पंडितांच्या चर्चेत एकाचं म्हणणं खोडलं जातं, त्याला आपलं चुकलं हे मान्य करावं लागतं, तरी तो रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र जो राजाशी सहमत होत नाही त्याला शिक्षा होते. राजा ही अट मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो.

आता ज्या मुलांना गावात पाटलासमोर मान वर करून बोलता येत नव्हतं, त्यांच्या महाविद्यालयाला नाव द्यायचं तर कुणा शूर पुरुषाचं देता आलं असतं, दात्याचं देता आलं असतं. इथे नाव दिलं गेलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं! माझ्या मते मिलिंदचा सगळा पुढचा इतिहास या नावातून उलगडतो.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी. जन्माने ते दलित नव्हते, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण हे महाविद्यालय विशिष्ट जातीसाठीच होतं असा समज आजही पुष्कळांचा आहे. तसं ते कधीच नव्हतं. दार सर्वांना उघडं होतं; शिकवणारेही सगळ्या थरांतले होते, शिकणारेही. फरक एवढाच की, इतर ठिकाणी ज्यांना कोपऱ्यात बसावं लागे ते इथे कोपऱ्यात बसत नव्हते.

चिटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ नावाचं नाटक लिहिलं. अस्पृश्यतेचा पुराणकाळापासून आंबेडकरांपर्यंतचा प्रवास त्यात दाखवला आहे. स्नेहसंमेलनात साधारणपणे काय होतं ते आपण जाणतोच. एखादं विनोदी प्रहसन, नकला, गाणी. इथे १९५५ साली मुलांनी स्वतःचाच इतिहास रंगमंचावर उभा केला. पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपूरला जमलेल्या अफाट जनसमुदायापुढेही हे नाटक झालं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. ते लिहिलं एका प्राचार्यानं आणि केलं त्याच्या विद्यार्थ्यांनी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झालं. संस्था पोरकी झाली, पैशांची ओढाताण वाढली. तरीही नागसेनवन वाढत राहिलं. कला आणि विज्ञान वेगळी झाली, वाणिज्य आणि विधी महाविद्यालयं आली. १९५८ मध्ये शेजारीच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पण मला या इमारतींपेक्षा अधिक महत्त्वाचं वाटतं ते साठच्या दशकात तिथल्या प्राध्यापकांच्या खोलीत जे घडलं ते.

डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. अमेरिकेत जाऊन साहित्याचा अभ्यास करून आलेले. तिथे त्यांनी कृष्णवर्णीय लेखकांचं वाङ्मय जवळून पाहिलं. गुलामांचे नातू-पणतू आपली हकीकत आपल्याच शब्दांत लिहीत आहेत आणि त्यांच्या लेखनानं साहित्याची मोजमापंच बदलू लागली आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. परत आल्यावर त्यांनी वर्गात नुसता शेक्सपिअर शिकवला असता तरी त्यांची नोकरी छान चालली असती. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे आणि मित्रांपुढे प्रश्न ठेवला: आपलं जगणं आपल्या वाङ्मयात कुठे आहे? आणि नसेल, तर ते कोण लिहिणार?

मराठीचे तरुण प्राध्यापक गंगाधर पानतावणे नागपूरहून इथे आलेले होते. १९६७ साली मिलिंदच्या या मंडळींनी ‘अस्मिता’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. पुढच्या वर्षी त्याचं नाव ‘अस्मितादर्श’ झालं. पानतावणे सरांनी ते नाव आयुष्यभर सोडलं नाही. त्रैमासिक चालवणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं एखादं भित्तिपत्रक चालवलं असेल त्यालाच कळेल. वर्गणीदार वेळेवर पैसे पाठवत नाहीत, जाहिराती मिळत नाहीत, छापखान्याचं बिल थकतं, मुद्रितं तपासायला माणूस नसतो. शिवाय मोठ्या शहरांतल्या मोठ्या मासिकांना जो मान असतो तोही नसतो. अशा अवस्थेत एक प्राध्यापक जवळजवळ पन्नास वर्षं अंक काढत राहतो!

‘अस्मितादर्श’चं एक वैशिष्ट्य असं की तिथे लेखक तयार झाले. तयार लेखकांना जागा देणारी मासिकं मराठीत पुष्कळ होती. पण ज्याला आपण लेखक आहोत हेच ठाऊक नाही, ज्याचं शुद्धलेखन कच्चं आहे, ज्याच्या भाषेत गावाचा उग्र वास आहे, अशा मुलाचं पहिलं लेखन घेऊन त्याला दुसरं लिहायला लावायचं, हे काम वेगळं. वामन निंबाळकर हे याच वर्तुळातले कवी. ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा त्यांचा संग्रह १९७३ सालचा. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरत. वेगवेगळ्या गावी भरत, आणि तिथे खेड्यातून लाल गाडीनं आलेला शाळामास्तर आणि नावाजलेला समीक्षक एकाच मांडवात बसत. अशा मेळाव्याला मी तरुणपणी गेलो आहे. चर्चा तापली की आवाज चढत. दुपारी जेवणाच्या पंगतीत मात्र तेच दोघं शेजारी बसून एकमेकांना भाजी वाढत असत.

औरंगाबादच्या दैनिक ‘मराठवाडा’नं १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडवून आणली. अनंत भालेराव तेव्हा संपादक होते. त्या चर्चेनं हा विषय मराठीच्या मध्यभागी आणला. दलित पँथरची स्थापना मुंबईत १९७२ ची. म्हणजे मुंबईचा तो वणवा पेटण्याआधी चार-पाच वर्षं छावणीच्या बाजूला ही चूल पेटलेली होती. मुंबईच्या कवींचं श्रेय कमी करावं असा यात हेतू नाही. नामदेव ढसाळांची कविता कोणत्याही महाविद्यालयातून आलेली नाही. पण दलित साहित्याचा विषय निघाला की कामाठीपुरा आठवतो आणि नागसेनवन विसरतं, याची मला खंत आहे.

वानखेडे १९७८ साली गेले, जेमतेम चोपन्न वर्षांचे असताना. त्यांचे लेख ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या नावानं १९८१ मध्ये पुस्तकरूपानं आले. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली इंग्रजीत जो ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा संग्रह संपादित केला, त्यातही वानखेडे आहेत. पानतावणे सरांना दीर्घ आयुष्य लाभलं. ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २७ मार्च २०१८ रोजी, याच शहरात, ते आपल्यातून गेले.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. एकाचंच उदाहरण घेतो, पण जरा सावकाश घेतो. प्र. ई. सोनकांबळे. उदगीर भागातला मुलगा. आई-वडील लहानपणीच गेलेले. बहिणीच्या आधारानं वाढला, आणि तो आधारही कसा, तर त्या घरातच दोन वेळच्या भाकरीची भ्रांत. उपाशीतापाशी, लोकांची पडेल ती कामं करत शाळा शिकला. नागसेनवनात आला, शिकला आणि पुढे त्याच परिसरातल्या महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. त्यांच्या आठवणी आधी ‘अस्मितादर्श’मधून येत राहिल्या आणि १९७९ मध्ये ‘आठवणींचे पक्षी’ हे पुस्तक निघालं. दया पवारांचं ‘बलुतं’ त्याच्या थोडं आधी, १९७८ मध्ये आलेलं होतं.

‘बलुतं’ गाजलं आणि ते गाजायलाच हवं होतं. ‘आठवणींचे पक्षी’ मात्र आवाज न करता वाचकांच्या घरात शिरलं. या पुस्तकात आरडाओरडा नाही. एखादा म्हातारा माणूस पारावर बसून सांगतो तसं सगळं सांगितलेलं. भुकेची गोष्ट सांगतानाही सोनकांबळे सर भुकेला विशेषणं लावत नाहीत. भाकरी किती होती, कोणी दिली, कोणी दिली नाही, एवढंच सांगतात. आणि ही भाषा कोणाची, तर दिवसा वर्गात इंग्रजी कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाची! शिकलेल्या माणसाची भाषा बदलते, तो गावाची बोली लपवू लागतो, हे आपण नेहमी पाहतो. सोनकांबळे सरांना ती लपवावीशी वाटली नाही. माझ्या दृष्टीनं मिलिंदनं दिलेलं शिक्षण ते हेच.

यादीत येणाऱ्या माणसांविषयी इतकं पुरे. यादीत न येणाऱ्यांपैकी एक मला जवळून माहीत आहे. १९६५ च्या सुमारास आमच्या गावच्या शाळेत एक सर आले. नागसेनवनातून बी.ए. होऊन आलेले. पत्र्याची एक पेटी, वळकटी आणि दोरीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा, एवढंच सामान. गावात त्यांना भाड्यानं खोली मिळाली नाही. का मिळाली नाही ते सांगायची गरज नाही. ते वस्तीत राहिले आणि रोज शाळेत पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात यायचे.

ते इतिहास शिकवत. तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवत आणि विचारत, “मी आज सांगितलं त्यातलं काय कोणाला पटलं नाही?” आम्ही चिडीचूप. मास्तरांचं पटलं नाही असं म्हणायचं, म्हणजे पाठीवर छडीच की! असे कितीतरी दिवस गेले. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, राजे लढाया करायचे ते तुम्ही सांगता, पण त्यांच्या सैन्याला भाकरी कोण करून देत होतं?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. फळ्याकडे वळून त्यांनी तिचा प्रश्न खडूनं लिहिला आणि म्हणाले, “हे पुस्तकात नाही बाई. मलाही शोधावं लागेल.” आठ दिवसांनी त्यांनी बाजारबुणगे, बंजारे, लमाणांचे तांडे, धान्याची ने-आण यांवर एक आख्खा तास घेतला. मी पुढे इतिहास घेतला त्याचं मूळ त्या तासात आहे. ‘मिलिंदपञ्ह’ मी फार नंतर वाचला. वाचताना नागसेनाच्या त्या अटीपाशी आलो आणि आमचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले.

असे किती असतील? मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत, तलाठी कार्यालयांत, बँकांत, टपाल खात्यात, एस.टी.च्या डेपोत नागसेनवनातून शिकून बाहेर पडलेली माणसं होती. वसतिगृहात एका खोलीत दाटीवाटीनं राहिलेली, स्कॉलरशिप उशिरा आली की मेसचं बिल थकवलेली, १९७२ च्या दुष्काळात घरून काहीच येणार नाही हे ठाऊक असून पुस्तक न सोडलेली. पगार सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं? धाकट्या भावाला नाहीतर पुतण्याला त्याच वसतिगृहात आणून सोडलं. मुली आल्या त्या जरा उशिरा, पण आल्या. एकेका घरातला एक माणूस असा वर आला की मागे चार जणांची रांग लागे. या रांगेची नोंद कोणत्याही स्मरणिकेत नाही.

आणि या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्याखेड्यांतली दलित वस्ती जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. जळलेल्या घरांत भांडी-कुंडी होती, ज्वारीच्या कणग्या होत्या, तशी शिकलेल्या मुलांची पुस्तकं आणि प्रमाणपत्रंही होती. शिकून परतलेला, सरळ उभा राहून बोलणारा मुलगा ज्यांना सहन होत नव्हता, त्यांचा राग त्या प्रमाणपत्रांवरही होता, असं मला वाटतं. नागसेनाच्या भाषेत सांगायचं तर ही राजांची चर्चा होती. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मधली सोळा वर्षं मोर्चे, तुरुंग, उपोषणं यांत गेली, आणि त्या वर्षांत नागसेनवनातल्या कित्येक मुलांच्या परीक्षा बुडाल्या, नोकरीची वयं निघून गेली. आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी लाखो माणसं येतात. त्या गर्दीत पांढऱ्या केसांचे काही जण बाजूला उभे राहून कमानीकडे नुसतं बघत असतात. त्यांना विचारलं तर बहुतेक जण आपण काय केलं हे सांगत नाहीत, आपल्या बरोबर कोण होतं हे सांगतात.

माझी खरी काळजी इथेच आहे. मिलिंदच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत शिकलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे, आणि पुष्कळ जण गेले. त्यांच्या आठवणी कोणी टिपून ठेवल्या? महाविद्यालयांचे जुने वार्षिक अंक मी रद्दीच्या दुकानात किलोच्या भावानं विकले जाताना पाहिले आहेत. घरातला म्हातारा गेला की मुलं फ्लॅटमध्ये जातात, पेटी उघडली जाते, आत ग्रुप फोटो निघतो, कोणी ओळखू येत नाही आणि तो फोटो रद्दीबरोबर जातो. विद्यापीठांतून दलित साहित्यावर दरवर्षी प्रबंध होतात. पण अमुक साली वसतिगृहाच्या अमुक खोलीत कोण कोण राहत होतं, रात्री दिव्याच्या उजेडात काय वाचत होतं, कोणावरून भांडत होतं, हे त्या प्रबंधांत सापडत नाही. आणि लेखक तर त्या खोल्यांतूनच आले!

म्हणून ज्यांच्या घरी असे कोणी आजोबा, काका, आत्या असतील, त्यांना एक विनंती आहे. एखाद्या दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा. मोठमोठे प्रश्न विचारू नका. औरंगाबादला पहिल्यांदा आलात तेव्हा कोणत्या गाडीनं आलात, पेटीत काय काय होतं, मेसमध्ये कोणाशेजारी बसायचात, कोणत्या सरांचा तास चुकवायचा नाही असं वाटायचं, एवढंच विचारा. मोबाइल बाजूला ठेवून नव्हे, चालू ठेवून विचारा, म्हणजे आवाज राहील. आणि जुना ग्रुप फोटो असेल तर तो भिंतीवरून उतरवा आणि त्यांच्याकडून एकेक नाव विचारून मागच्या बाजूला लिहून घ्या. पेननं लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीनं लिहा, आणि उभं राहिलेल्यांपासून सुरुवात करा. मागच्या रांगेतल्यांची नावं सगळ्यांत आधी विसरली जातात.